दंड मालकाचा, शेरा कासमभाईंचा

गेल्या महिन्यात घोडेगावच्या पेठेतून मी आमच्या हिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून चाललो होतो, तेव्हा पोलिसानं हात आडवा केला. गावाच्या हद्दीत सायकलवर दोघांनी बसायचं नाही, हा नियम मला ठाऊक होता. ठाऊक होता म्हणूनच मी घाईघाईनं म्हणालो, "अहो, ती उतरतच होती."

त्यावर मागून आवाज आला, "मी कुठं उतरत होते? घर तर अजून लांब आहे."

इथवर झालं ते संसारी माणसाच्या नशिबातच असतं. खरी चूक मी कोर्टात केली. नावाचा पुकारा झाल्यावर मी खुलासा करायला लागलो. आधी नियमामागचा हेतू सांगितला, मग त्या रस्त्यावरची खडी सांगितली, मग हिचा दुखरा गुडघा. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर आहात का?"

"नाही, गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे."

"गुरं ऐकून घेतात वाटतं," असं म्हणून त्यांनी दंड केला. माझ्या आधीच्या माणसाला केला होता त्याहून थोडा जास्त. बाहेर आल्यावर कोर्टाचा शिपाई मला कडुनिंबाखाली गाठून म्हणाला, "राव, नुस्तं 'गुन्हा कबूल' म्हणायचं व्हतं. सायबांच्या जेवणाची येळ झाली व्हती."

त्या बिचाऱ्याला काय माहीत, की हे दोन शब्द कसे म्हणायचे याचं शिक्षण मी जुन्नरला प्रत्यक्ष कासमभाईंच्या ओट्यावर बसून घेतलं होतं! ते शिक्षण मी विसरलो नव्हतो. पण कासमभाईंचं काय झालं ते पाहिल्यापासून ते शब्द काही माझ्या तोंडून निघत नाहीत.

जुन्नरला आमचं बिऱ्हाड आणि कासमभाईंचं घर यांत एकच भिंत होती. त्या भिंतीतून आम्हांला त्यांच्या घरची फोडणी कळायची आणि त्यांना आमच्या घरचं भांडण. कासमभाई ओतूरच्या रंगूनानांच्या मालमोटारीवर ड्रायव्हर होते. त्याआधी ते एका खाजगी सर्व्हिस मोटारीवर होते. एस.टी. आली, ती मोटार बंद पडली, आणि कासमभाई बरेच दिवस घरी बसून राहिले. घरी बसलेला ड्रायव्हर म्हणजे कसा, ते त्यांची बायको जैनबभाभी सांगायची: "जेवताना सुदीक डावा पाय हलवायचे. मी म्हनायची, क्लच सोडा आन् भाकरी खा." अशा वेळी रंगूनानांनी लढाईतली एक जुनी मोटार लिलावात घेतली आणि कासमभाईंना निरोप धाडला. तो उपकार कासमभाईंनी शेवटपर्यंत डोक्यावर घेतला, आणि नानांनीही तो कधी उतरवून ठेवू दिला नाही.

माणूस अंगानं बारीक. सीटवर गोधडीची घडी ठेवल्याशिवाय त्यांना काचेपलीकडचा रस्ता दिसत नसे. गालात कायम एक लवंग. मोटारीचा हॉर्न वाजत नसे, म्हणून ते खिडकीतून डोकं काढून "ओ पावणं, जरा बाजू!" असं ओरडत. नारायणगावपासून मंचरपर्यंत बैलगाडीवाले तो आवाज ओळखायचे. वाटेत मयत आडवी आली, मग ती कुणाची का असेना, की कासमभाई इंजिन बंद करून खाली उतरत, मयत पुढं गेली की हँडल मारून मारून ते पुन्हा सुरू करत, आणि दमून वर चढत. "चालू ठेवलं असतं तर काय झालं असतं?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "डाक्टर, तो मानूस शेवटचा चाललाय. त्याच्या कानाशी घुरघुर कशापाई?" मी कंपाउंडर, पण ते मला डाक्टरच म्हणायचे, आणि आमच्या खऱ्या डॉक्टरांना 'मोठे डाक्टर'. त्यामुळं मला त्यांचा राग कधी येऊ शकला नाही.

त्यांना कुणाशी भांडता यायचं नाही. घरात, रस्त्यात, चहाच्या हॉटेलात, कुठंही आवाज चढायला लागला की कासमभाई दोन्ही हात पुढं बांधून म्हणायचे, "गुन्हा कबूल." समोरच्याची हवाच निघून जायची. आमच्या हिनं एकदा त्यांच्या कोंबड्यांनी आमचं वाळवण विसकटल्याची तक्रार केली. "गुन्हा कबूल, वैनी," कासमभाई म्हणाले. मागून जैनबभाभी ओरडली, "अवो, आपल्या कोंबड्या खुराड्यात हायेत! त्या पलीकडल्यांच्या!" कासमभाई म्हणाले, "मग त्यांच्या वतीनं कबूल."

हे दोन शब्द त्यांनी उचलले होते कोर्टातून.

मोटार म्हटली की खटला आला. दिवा लागत नाही, हॉर्न वाजत नाही, माल जास्त भरला, बाजाराच्या दिवशी मालमोटारीत माणसं घेतली, नंबराची पाटी चिखलानं दिसत नाही. यातलं निम्मं मोटारीच्या मालकानं दुरुस्त करायचं असतं. पण खटला भरतात तो चालवणाऱ्यावर. आपल्याकडच्या मोटारवाल्यांनी त्यावर एक रीत पाडलेली होती: दंड मालकानं भरायचा आणि नाव ड्रायव्हरनं द्यायचं. रंगूनानांनी त्या रीतीला आपल्या घराण्याला शोभेल अशी जोड दिली होती. खटला निकालात निघाला की नानांच्या घरून कासमभाईंना एक नारळ आणि एक कोरा पंचा यायचा. सत्काराला देतात तसा. जैनबभाभीकडं त्या पंच्यांची चळतच्या चळत झाली होती. खिडकीला पडदे पंच्याचे, नातवाची दुपटी पंच्याची, आमच्या घरी डाळ वाळत घालायला दिलेलं फडकं तेही पंचाच. "आता ठेवायला जागा न्हाई," ती म्हणायची, "एकदा तरी भांडा की कुनाशी."

पण भांडणं म्हणजे काय, हे कासमभाईंना पक्कं ठाऊक होतं. "डाक्टर, नाकबूल म्हनलं की तारीख पडती. त्या तारखेला पोलीस येत न्हाई. दुसऱ्या तारखेला साहेब दौऱ्यावर. तिसऱ्याला साक्षीदार. तवर गाडी कोर्टाम्होरं उभी. कबूल म्हनलं की दुपारी गाडी रस्त्याला." त्यांना घाई होती ती रस्त्याला लागायची. मोटार उभी राहिलेली त्यांना बघवत नसे. त्यासाठी ते वाटेल ते कबूल करायला तयार होते. पुढं जे झालं त्याचं मूळ कुठं आहे म्हणाल तर या घाईत आहे.

कारण दंड भरला की खटला मिटतो असं आम्ही सगळेच समजत होतो. तो मिटत नव्हता. दर खटल्याला कोर्ट कासमभाईंचं लायसन मागवून घ्यायचं आणि त्यावर शेरा मारून परत द्यायचं. हॉर्न नानांचा, दंडाचे पैसे नानांचे, शेरा मात्र कासमभाईंच्या लायसनवर. शेऱ्यांची पानं संपली तेव्हा कोर्टातल्या कारकुनानं खळ लावून पुरवणी चिकटवली. कासमभाई ते लायसन कनवटीतून काढून लोकांना दाखवायचे. "एवढं जाड लायसन जुन्नर तालुक्यात कुनाचं न्हाई," असं म्हणायचे. शेऱ्याचं अक्षर बघून ते साहेब ओळखायचे: हे देशपांडे साहेबांचं बारीक, हे फराटे ओढणाऱ्या साहेबाचं, हे डाग पाडणाऱ्या साहेबाचं.

कोर्टात मात्र त्यांचा नावलौकिक होता. एकदा आंबेगावकडच्या एका लग्नाचं वऱ्हाड रस्त्यात ताटकळत होतं, तर यांनी ते बटाट्याच्या पोत्यांवर घेतलं. नवरीसकट पोलिसांनी उतरवलं. त्या खटल्याला मी मुद्दाम गेलो होतो. साहेबांनी विचारलं, "मालाच्या गाडीत माणसं बसवलीस?"

"गुन्हा कबूल, साहेब. पन बसवली न्हाईत. उभी व्हती. बसायला जागा कुठं व्हती? खोटं कशाला बोलू?"

साहेब हसले आणि दंड निम्मा केला. तेव्हापासून कासमभाईंच्या ओट्यावर शाळाच भरायला लागली. उद्या ज्याचा खटला असेल तो आज संध्याकाळी येऊन बसायचा. सायकलवाले, टांगेवाले, कुणाची म्हैस सरकारी झाडीत शिरलेली, असे सगळे. कासमभाई त्यांना उभं करून शिकवायचे. "हात पुढं बांध. मान खाली घाल, पन हनवटी छातीला लावू नगं, चोर वाटशील. आन् 'कबूल' म्हनलं की थांब. पुढं 'पन' म्हनू नगं. 'पन' म्हनलं की तारीख पडली."

"तुमीच तर 'पन' म्हनला व्हता वऱ्हाडाच्या येळी," एक टांगेवाला म्हणाला.

"ते मी म्हनलो. तू नगं म्हनू."

या तालमीत साहेब व्हायचं काम माझ्याकडं असायचं. चष्मा होता एवढीच माझी लायकी. मी ओट्यावर पाटावर बसायचो आणि पुष्कळ लोकांना दंड केला. आमची ही दारातून म्हणायची, "दुधाचा हिशेब चुकतो तेव्हा कुठं जातो हो हा न्यायाधीश?"

पुढची गोष्ट आळेफाट्याची. तिथं मी मोठ्या डॉक्टरांबरोबर गुरांना घटसर्पाची लस टोचायला गेलो होतो. फाट्यावर गॅरेजपाशी रंगूनानांची मोटार उभी होती. कासमभाई समोरच्या हॉटेलात चहा घेत होते. नानांचा पुतण्या दत्तू बरोबर होता. त्याच्याकडं लायसन नव्हतं, पण हात शिवशिवत होते. गाडी नुसती वळवून लावतो, असं म्हणून तो चढला. त्यानं ती वळवली आणि मागं येणाऱ्या बैलगाडीला लावली. गाडीवान उडी मारून वाचला. उजवीकडच्या बैलाचा पाय मोडला.

मी पिशवी घेऊन धावलो. बैल पडला होता आणि गाडीवान त्याची मान मांडीवर घेऊन नुसता "राजा, राजा" म्हणत होता. मी बांबूच्या कांबट्या बांधायला घेतल्या. मान वर करून पाहतो तर दत्तू मोटारीतून उतरून गॅरेजच्या मागं गेलेला, आणि त्याच्या जागी गोधडीच्या घडीवर कासमभाई बसलेले. घाईत त्यांनी चहाची बशी तशीच हातात धरून आणली होती.

हवालदार आला. "कोन चालवत व्हतं?"

"मी."

"हातात काय?"

कासमभाईंनी बशीकडं पाहिलं. ती आहे हे त्यांना तेव्हाच कळलं असावं. "चा पीत व्हतो."

"चालवता चालवता?"

कासमभाईंनी बशी खाली ठेवली, हात पुढं बांधले. मग म्हणाले, "गुन्हा कबूल."

आणि हवालदारानं तेही लिहून घेतलं. चहा पीत मोटार चालवली, म्हणून बेदरकारपणानं चालवली, म्हणून बैलाचा पाय मोडला. सगळं कसं एकात एक बसलं. खऱ्या गोष्टी इतक्या नीट बसत नाहीत.

परत येताना मी त्यांना म्हटलं, "कासमभाई, हा हॉर्न नाही. वेड्यासारखं काय केलंत?"

"दत्तूचं लगीन ठरलंय, डाक्टर. मुलीकडची मानसं लई चौकशीखोर हायेत. त्याचं नाव कोर्टात गेलं तर सोयरीक मोडंल."

"आणि तुमचं नाव गेलं तर?"

"माझं लगीन झालंय," कासमभाई म्हणाले आणि गालातली लवंग या बाजूची त्या बाजूला केली.

नानांनी गाडीवानाला दुसरा बैल घेऊन दिला, तेव्हा त्याचीही तक्रार उरली नाही. कासमभाईच चालवत होते असं तोही सांगायला लागला. घरी आल्यावर मी हे सगळं हिला सांगितलं. ती पोळ्या करत होती. म्हणाली, "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना? मग जाऊन सांगा की साहेबांना."

मी खरंच गेलो. किरकोळ रजा टाकून गेलो. कोर्टातल्या कारकुनाला म्हटलं, मला साक्ष द्यायची आहे, चालवणारा दुसराच होता. त्यानं टाक खाली न ठेवताच विचारलं, "आरोपी काय म्हणतोय?"

"तो कबूलच म्हणणार."

"मग साक्ष कशाला? कबुलीच्या खटल्यात साक्षीदार लागत नाही. बसा बाकावर." मी कासमभाईंकडं गेलो. ते धुतलेला सदरा आणि नवी टोपी घालून आले होते. खटल्याच्या दिवशी ते नेहमी ईदला निघाल्यासारखे निघायचे. त्यांनी माझा हात हातात घेतला. "डाक्टर, तुमी बैलाचं केलं तेवढं पुरे," म्हणाले. बाहेर नानांची मोटार कांद्यानं भरून उभी होती. दुपारी पुण्याला निघायचं होतं.

साहेब नवीन होते. तरुण, काटकुळे, आणि जेवणाची मुळीच घाई नसलेले. कासमभाईंनी हात बांधले, मान खाली घातली आणि आपले दोन शब्द म्हटले. आजवरचे साहेब यानंतर दंड सांगून पुढचा पुकारा करायला लावायचे. या साहेबांनी लायसन मागितलं. ते पहिल्या पानापासून वाचायला लागले. मोठ्यानं.

हॉर्न नाही. माल जादा. हॉर्न नाही. पाटी अस्पष्ट. मालमोटारीत माणसं. दिवा नाही. हॉर्न नाही. तिसऱ्यांदा हॉर्न आला तेव्हा मागच्या बाकावर हशा झाला. कासमभाईही जरासे हसले. घरातल्या माणसाचं कौतुक चाललं असल्यासारखे. साहेब वाचतच राहिले. खळीनं चिकटवलेली पुरवणी त्यांनी उलगडली तेव्हा तिचा करकर आवाज झाला. मग कुणी हसलं नाही. जो तो ऐकत होता, आणि ज्यानं मोटार कधी पाहिली नाही अशा माणसालाही वाटलं असतं की हा कुणी भयंकर इसम आहे. मी इतकी वर्षं त्यांचा शेजारी, पण ऐकता ऐकता माझ्याही मनात आलं, खरंच की, किती गुन्हे केले या माणसानं!

साहेबांनी चष्मा काढला. आवाज मुळीच चढवला नाही. "इतक्या वेळा शिक्षा होऊनही तू सुधारला नाहीस. आता तर चहा पीत मोटार चालवतोस. उद्या बैलाच्या जागी मूल असेल. हे लायसन मी रद्द करणार आहे. त्याआधी तुला काही सांगायचं आहे का?"

कासमभाईंनी मान वर केली. या प्रश्नाला काय म्हणायचं, हे त्यांनी ओट्यावर कुणालाही शिकवलं नव्हतं. त्यांनी मागं वळून पाहिलं. बाकावर रंगूनाना बसले होते. त्यांना नेमका तेव्हाच खोकला आला. कासमभाई परत साहेबांकडं वळले. तोंड उघडलं. बांधलेले हात सुटले आणि उजवा हात थोडासा पुढं आला. मला वाटलं, आता बोलतात. साहेबही थांबले होते. वाईट माणूस नव्हते ते, पुष्कळ थांबले.

"साहेब," कासमभाई म्हणाले. मग कुठं जायचं ते जणू त्यांना आठवेना. हात पुन्हा बांधले. "गुन्हा कबूल."

साहेबांनी लिहिलं. लायसन रद्द, आणि पुढची काही वर्षं नवं काढायलाही मनाई.

"साहेब," कासमभाईंनी विचारलं, "गाडी भायेर उभी हाये. घरापत्तूर न्यू का?"

"नाही."

"कांदा हाये, साहेब."

"नाही म्हटलं ना."

आम्ही बाहेर आलो. कासमभाई मोटारीपाशी गेले, आत हात घालून सीटवरची गोधडी काढली आणि ती काखेत मारून घराकडं चालू लागले. त्यांना चालताना मी फारसं पाहिलंच नव्हतं. ते रस्त्याच्या अगदी कडेनं चालत होते, मागून काही येत असल्यासारखे.

मोटार तिथंच राहिली. दत्तूला चालवता येत होती, पण लायसन नव्हतं. ज्याला येत होती त्याचं लायसन गेलं होतं. नारायणगावचा एक ड्रायव्हर सवड काढून येईपर्यंत तो कांदा कोर्टासमोर उन्हात बसला, आणि वास सुटला तेव्हा त्याच कारकुनानं नानांना निरोप धाडला. तोवर कासमभाई रोज सकाळी जाऊन मोटारीची काच पुसून येत. पोलीसही काही बोलत नसे. काच पुसायला लायसन लागत नाही.

नानांच्या घरून रिवाजाप्रमाणं नारळ आणि पंचा आला. जैनबभाभीनं नारळ ठेवून घेतला आणि पंचा परत पाठवला. नानांना ते फार लागलं म्हणतात. त्यांनी कासमभाईंना माल भरायच्या वेळी देखरेखीला ठेवतो म्हणून कळवलं. पण मोटारीच्या आजूबाजूला हिंडायचं आणि चढायचं नाही, हे कासमभाईंना जमलं नाही. ते मेव्हण्याच्या बांगड्यांच्या दुकानात बसायला लागले. त्यांच्या हातून बांगड्या फुटत नसत, आणि विकल्याही जात नसत. दत्तूचं लग्न झालं, यथावकाश लायसनही झालं. पहाटे आमच्या दारावरून ती मोटार जायची तेव्हा हॉर्न वाजायचा. नानांनी तो दुरुस्त करून घेतला होता.

ओट्यावरची शाळा बंद झाली. कुणी चुकून आलंच तर कासमभाई म्हणायचे, "वकील बघ, बाबा." माझाही न्यायाधीशाचा पाट स्वयंपाकघरात परत गेला. पुढं माझी बदली घोडेगावला झाली आणि सामान हलवताना कासमभाई आमची ट्रंक उचलू लागले, तेव्हा ती त्यांच्याहून जड आहे असं माझ्या लक्षात आलं.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. आम्ही उभयता ओतूरला एका बारशाला गेलो होतो आणि घोडेगावची गाडी धरायला एस.टी.नं जुन्नरला येत होतो. बस खच्चून भरलेली. ही पुढं बाकावर बसली होती, मी मागं उभा. आमच्या दोघांच्या मध्ये, एका अंडीवाल्या बाईच्या शेजारी, कासमभाई. गालाची हाडं वर आली होती, पण लवंग होती. "डाक्टर, गुरं काय म्हनत्यात?" असं त्यांनी तिथूनच विचारलं.

खिंड ओलांडून बस उताराला लागली आणि थोड्याच वेळात ती बाई ओरडली. तिची अंड्यांची टोपली खाली पायांशी होती, तिच्यातून पिवळं वाहत होतं. "ह्या म्हाताऱ्यानं फोडली!" तिनं कासमभाईंकडं बोट केलं. कंडक्टर माणसं सारत आला. बस थांबवली.

"चाचा, बघून बसावं का न्हाई? द्या बाईला काय असंल ते आन् मिटवा."

"मी न्हाई फोडली," कासमभाई म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मग काय आपोआप फुटली?" बाई म्हणाली. "माजी कोंबडी काय टोपलीत बसली व्हती?"

"चाचा, मानसं खोळंबली. चुकलं म्हना आन् विषय संपवा."

"न्हाई चुकलं. कशापाई म्हनू?"

आता बसमधली सगळी माणसं बोलायला लागली. कुणाला दवाखाना होता, कुणाला पुढची गाडी. "अहो आजोबा, कबूल करून टाका की!" असं कुणीतरी मागून म्हणालंही. मला ते ऐकवेना. मी पाकीट काढलं आणि बाईला म्हटलं, "किती झाले?" तसे कासमभाई उठून उभे राहिले आणि माणसांच्या मधून हात घालून त्यांनी माझं मनगट धरलं. पकड स्टिअरिंग धरणाऱ्याचीच होती.

"डाक्टर, पाकीट आत ठेवा. आपुन फोडली न्हाईत. तारीख पडू द्या. पोलीस बोलवा. किती बी दिवस लागू द्या."

त्यांचा चेहरा लाल झाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच भांडणाऱ्या माणसाचं असतं तसं सगळं चुकत होतं. आवाज मधेच चिरकत होता, बोट भलत्याच माणसाकडं जात होतं. पण ते खाली बसले नाहीत. शेवटी बाईच कंटाळली. "असूं द्या वो, म्हातारं मानूस हाय," म्हणून तिनं उरलेली अंडी पदरात घेतली. कंडक्टरनं घंटी मारली. जुन्नर येईपर्यंत कासमभाई उभेच होते. उतरल्यावर त्यांनी आमच्याकडं पाहिलंही नाही. छाती पुढं काढून, रस्त्याच्या बरोबर मधून, पेठेकडं चालत गेले.

घरी आल्यावर मी हिला म्हटलं, "पाहिलंस? अखेर नाकबूल म्हणाले! इतक्या वर्षांनी खऱ्याला खरं म्हणायचा धीर झाला त्यांना."

ही पायावर पाणी घेत होती. "खरं कसलं? अंडी त्यांनीच फोडली. मी मागं वळून बघत होते ना. गाडी उताराला लागली तसा ड्रायव्हरच्या आधी यांनी ब्रेक दाबला. पायाखाली टोपली."

"मग तू गप्प का बसलीस?"

तिनं तांब्या खाली ठेवला, पदरानं हात पुसले.

"एका तरी खटल्यात सुटू दे की हो त्यांना," ती म्हणाली.